कलम लाइट : एका हस्ताक्षरी देवनागरी फॉन्टचे परीक्षण

या टिपणात आपण एकच फॉन्ट घेऊन तो बारकाईने पाहणार आहोत. फॉन्ट आहे 'कलम' आणि त्यातले सर्वांत हलके वजन, म्हणजे 'लाइट'. तुमच्यापैकी अनेकांनी तो नाव न कळताही वापरला असेल. महोत्सवाचे पोस्टर, प्रकल्पाचे सादरीकरण, वाढदिवसाचा संदेश, एखाद्या ॲपचा पडदा अशा ठिकाणी मराठी मजकूर 'जरा हाताने लिहिल्यासारखा' हवा असला की यादीत शोधताना हा फॉन्ट चटकन सापडतो.

परीक्षण म्हणजे आवडला की नाही एवढे सांगणे नव्हे. वस्तू काय करू पाहते, ते तिला कितपत जमते आणि ती कुठे वापरल्यावर उपयोगी पडते किंवा अडचण करते, हे कारणांसह सांगायला हवे. त्यासाठी डिझाइनचे शिक्षण लागत नाही. मराठी वाचता येणे आणि अक्षराकडे थांबून पाहण्याची तयारी असणे पुरेसे आहे. टिपण वाचताना 'कलम' संगणकावर उघडून ठेवा आणि प्रत्येक विधान पडद्यावर पडताळून पाहा.

१. ओळख

'कलम' हा फॉन्ट अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती लिपी रावल यांनी रेखली. पुढे जॉनी पिनहॉर्न यांनी तिच्यावर काम केले आणि आज आपण वापरतो ती आवृत्ती त्यांच्या हातून तयार झाली. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजने आहेत. देवनागरी आणि रोमन या दोन लिपी त्यात आहेत. जोडाक्षरे धरून प्रत्येक वजनात हजाराहून अधिक अक्षराकृती आहेत. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो आणि त्याचा परवाना मुक्त आहे. तो वापरता येतो, दस्तऐवजात जोडता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून त्यात बदलही करता येतात.

अक्षरांकडे पाहा. सगळी उजवीकडे बऱ्यापैकी कललेली आहेत. रेषांची टोके गोल आहेत आणि रेषेची जाडी जवळजवळ सारखी राहते. स्केच पेनने किंवा बॉलपेनने लिहिल्यावर जशी रेषा येते तशी ती आहे. रोमन अक्षरे देवनागरीच्या मानाने थोडी लहान ठेवली आहेत.

नावाबद्दल एक गंमत. हिंदीत 'कलम' म्हटले की लेखणी डोळ्यांसमोर येते. मराठी माणसाला मात्र आधी कायद्याचे कलम किंवा आंब्याचे कलम आठवते. आंब्याचे कलम या फॉन्टला चांगले लागू पडते, कारण हाताचे वळण यंत्राच्या खोडावर बांधलेले आहे. कायद्याचे कलम मात्र या फॉन्टात कधीही लावू नये. का, ते सहाव्या भागात येईल.

२. हातातली देवनागरी आणि छापातली देवनागरी

'हस्ताक्षरी' हा शब्द आपण सहज वापरतो, पण मराठीत त्याला इतिहास आहे. मराठीत बराच काळ दोन लिपी शेजारी शेजारी नांदत होत्या. पोथी, ग्रंथ आणि पुढे छपाई यांसाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी. हिशेब, पत्रव्यवहार, दफ्तर यांसाठी मोडी. मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी. आधी कागदावर आडवी शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरे लिहीत जायची. एखादा कागद मोडीत आहे एवढ्यावरूनच तो रोजच्या व्यवहाराचा आहे हे कळत असे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचा कारभारातला वापर संपला आणि शाळांतूनही ती गेली. योगायोग असा की मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तेही २०१४ साल होते. मोडी गेल्यावर मराठी माणूस हाताने लिहितो ती लिपी आणि वाचतो ती लिपी एकच झाली. दोन्हींतला फरक उरला तो फक्त वळणाचा.

हा फरक कशाने दिसतो? छापील देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूचे आहे. तिरका कापलेला बोरू धरला की एका दिशेने जाड आणि दुसऱ्या दिशेने बारीक रेषा उमटते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांमध्ये जाड-बारीक रेषांची ही लय स्पष्ट दिसते. ती अनेक पिढ्यांच्या डोळ्यांत इतकी बसली की पुस्तकाचे अक्षर म्हणजे असेच, ही समजूत पक्की झाली. आज मात्र कुणी बोरूने लिहीत नाही. बॉलपेनची रेषा सगळीकडे सारखी असते. त्यामुळे सारख्या जाडीची, गोल टोकांची, कललेली देवनागरी पाहिली की आपल्याला वही आठवते आणि जाड-बारीक रेषांची पाहिली की पुस्तक आठवते. 'कलम'ने ही जाण नेमकी पकडली आहे. तो बोरूची नक्कल करत नाही, आजच्या वहीतले अक्षर घेतो. ही निवड मला योग्य वाटते.

३. शिरोरेषेची अडचण

आता थोडे तांत्रिक. या भागावर या फॉन्टचे यश अवलंबून आहे, म्हणून तो सावकाश वाचा.

रोमन लिपीत हस्ताक्षराचा आभास निर्माण करणे तुलनेने सोपे असते. व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी तयार केलेला 'कॉमिक सॅन्स' घ्या. त्यातले प्रत्येक अक्षर सुटे आहे. एखादे किंचित वाकडे, एखादे किंचित मोठे ठेवले तरी शेजारच्या अक्षराला धक्का लागत नाही. मोकळेपणा अशा छोट्या छोट्या असमानतेतून येतो.

देवनागरीत अक्षरे शिरोरेषेला बांधलेली असतात. हाताने लिहिताना आपल्यापैकी बरेच जण आधी अक्षरे लिहितात आणि शब्द संपला की वरून एकच रेघ ओढतात. ती रेघ कुठे वर चढते, कुठे खाली येते, कधी शेवटचे अक्षर गाठण्याआधीच संपते. हाताच्या अक्षराचा जिवंतपणा बराचसा त्या रेघेत असतो.

फॉन्टमध्ये ही एकसंध रेघ नसते. प्रत्येक अक्षराकृती आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि शब्द जुळताना ते तुकडे एकमेकांना चिकटतात. 'क'च्या उजव्या टोकाला जी उंची आणि जाडी असेल, तीच पुढे येऊ शकणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या डाव्या टोकाला असली पाहिजे. एका ठिकाणी जरी उंची हलली तरी शब्दावर पायरी दिसते. म्हणजे देवनागरीत ज्या रेघेत हात सर्वांत जास्त दिसतो, तिलाच फॉन्टमध्ये सर्वांत जास्त शिस्त लागते.

'कलम'च्या कर्त्यांनी यातून काढलेली वाट अशी : शिरोरेषा बव्हंशी शिस्तीत ठेवायची, काही ठिकाणी ती पूर्णपणे जोडायची नाही आणि मोकळेपणा मुख्यतः तिच्याखाली लोंबणाऱ्या भागांना द्यायचा. सगळ्या अक्षरांना एक ठाम कल दिला, गोलाई ढिली सोडली, टोके बोथट केली. कलामुळे अक्षरे पुढे सरकत असल्याचा भास होतो आणि वरची रेघ तितकी खटकत नाही.

परिणाम काय झाला? अक्षर घाईचे वाटत नाही. ते नीटनेटक्या विद्यार्थ्याच्या वहीतले वाटते, ज्याच्या वह्या परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गभर फिरतात. खऱ्या हस्ताक्षराचा गबाळेपणा यात नाही आणि लिपीची रचना पाहता फॉन्टला तो सहजासहजी जमण्यासारखा नाही. म्हणून 'कलम'ला कृत्रिम म्हणून नावे ठेवण्यापेक्षा त्याने अडचण ओळखून तडजोड केली आणि ती वाचनीयतेच्या बाजूने केली, असे म्हणणे जास्त न्याय्य आहे.

या रचनेतून वापरणाऱ्यासाठी एक नियम निघतो. देवनागरी शब्दातल्या अक्षरांमधले अंतर कधी वाढवू नका. इंग्रजी शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरे लांब लांब ठेवण्याची पद्धत आहे. तीच मराठी मजकुराला लावली की शिरोरेषेचे तुकडे सुटतात आणि शब्द विस्कटतो.

४. काका, मामा आणि जुळी अक्षरे

हाताने लिहिलेल्या दोन 'क'मध्ये काहीतरी फरक असतोच. फॉन्टमध्ये नसतो. इंग्रजीत ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही, पण मराठीत ती घरातच उघडी पडते, कारण आपली नात्यांची नावेच जुळ्या अक्षरांची आहेत. काका, मामा, दादा, बाबा, नाना, आजी-आजोबा हे शब्द 'कलम'मध्ये टाइप करा. 'काका'तले दोन्ही 'का' एकमेकांवर ठेवले तर रेषेला रेषा जुळेल. ज्या आमंत्रणावर घरगुती आपुलकी हवी म्हणून हा फॉन्ट निवडला, त्याच आमंत्रणावर ही नावे सर्वांत जास्त येतात आणि तिथेच डोळ्याला यंत्र कळते.

यावर उपाय आहे. ओपन टाइप तंत्रात एकाच अक्षराचे दोन-तीन पर्याय देऊन ते आळीपाळीने आणता येतात. पण देवनागरीत त्याची किंमत मोठी आहे. रोमनमध्ये लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरे असतात. देवनागरीत मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या असे सगळे आले. हजार आकृत्यांचे तीन पर्याय म्हणजे तीन हजार आकृत्या आणि त्यातली प्रत्येक शिरोरेषेत नीट बसली पाहिजे.

इथे फॉन्ट आणि अक्षरलेखन यांतला फरक समजून घ्या. मराठी नाटकांच्या जाहिरातींची शीर्षके रेखणारे कमल शेडगे अनेकांना माहीत असतील. २०२० मध्ये ते गेले. त्यांनी एखाद्या नाटकाचे नाव रेखले की ती अक्षरे त्या नाटकापुरतीच असत. नाटक विनोदी की ऐतिहासिक, हे अक्षरच सांगे. तीच अक्षरे मोडून दुसऱ्या नाटकाचे नाव जुळवता आले नसते. फॉन्टचे काम नेमके उलटे आहे. त्याला अजून न लिहिलेल्या वाक्यांसाठीही तयार राहावे लागते, म्हणून तो कोणत्याच एका वाक्याचा होत नाही.

यातून व्यवहाराचा निष्कर्ष असा : तीन-चार शब्दांचे शीर्षक असेल आणि ते खरेच हाताने लिहिल्यासारखे हवे असेल, तर हातानेच लिहा. कागदावर दहा वेळा लिहा, बरे आलेले स्कॅन करा आणि वापरा. मजकूर मोठा असेल, बदलता असेल, शोधता किंवा कॉपी करता यायला हवा असेल, तेव्हा फॉन्ट घ्या.

५. 'लाइट' असण्याचे फायदे आणि तोटे

'कलम'चे तिन्ही वजनांत गुण सारखेच आहेत असे नाही. देवनागरी ही वर-खाली गर्दी असलेली लिपी आहे. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'राष्ट्र', 'बुद्धी', 'सूक्ष्म' हे शब्द बोल्डमध्ये आणि लाइटमध्ये शेजारी ठेवून पाहा. लाइटमध्ये रेषा बारीक असल्याने आतली पांढरी जागा जास्त उरते आणि जोडाक्षराचे घटक वेगळे दिसतात. मोठ्या आकारात, पांढऱ्या किंवा फिकट सपाट पार्श्वभूमीवर, लाइट फार प्रसन्न दिसतो. पान हलके वाटते.

आकार कमी झाला की हाच गुण उलटतो. देवनागरीत काही अक्षरांच्या जोड्या अगदी थोड्या फरकाने वेगळ्या राहतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प. 'घ' आणि 'ध' यांत वाचकाला सर्वांत आधी दिसणारा फरक डाव्या बाजूला शिरोरेषा सलग आहे की तुटलेली, हा असतो. बारीक रेषेत, लहान आकारात तो तुटलेला भाग भरून आल्यासारखा दिसतो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे लगेच पटेल. मराठीत 'धन संख्या' म्हणजे शून्याहून मोठी संख्या आणि 'घन' म्हणजे तिसरा घात. गणिताच्या टिपणात 'धन' आणि 'घन' यांची अदलाबदल झाली तर ती शुद्धलेखनाची चूक उरत नाही, उत्तर बदलते. म्हणून व्याख्या, सूत्रे, तक्त्यांतली शीर्षके, आलेखांवरची नावे यांसाठी हा फॉन्ट घेऊ नका.

वर्गातली परिस्थितीही ध्यानात घ्या. प्रोजेक्टरचा प्रकाश कमी असतो, पडद्यावर खिडकीचा उजेड पडतो आणि बारीक रेषा सर्वांत आधी नाहीशी होते. छापील प्रतीची झेरॉक्स आणि तिची पुन्हा झेरॉक्स काढली की लाइटच्या रेषा तुटू लागतात. गडद पार्श्वभूमीवरची बारीक पांढरी अक्षरे छपाईत शाई पसरून भरतात. माझा स्वतःचा दंडक असा आहे : कागदावर १४ पॉइंटच्या खाली लाइट नाही, छायाचित्रावर लाइट नाही आणि सलग चार ओळींच्या पुढे कोणतेच हस्ताक्षरी वजन नाही.

आणखी एक अडचण कलाची. इंग्रजीत एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर तो तिरका करतात. 'कलम' मुळातच तिरका आहे आणि त्यात वेगळे तिरके वजन नाही. तुम्ही 'इटॅलिक'चे बटण दाबले तर सॉफ्टवेअर आधीच कललेले अक्षर आणखी कलवते आणि ते पडायला आल्यासारखे दिसते. वेबपानावर फक्त लाइट जोडलेला असताना ठळक शब्द मागितला, तर ब्राउझर बारीक रेषाच फुगवून खोटा ठळकपणा तयार करतो. भर द्यायचाच असेल तर बोल्डची खरी फाइल जोडा.

६. हा आवाज कोणाचा?

आतापर्यंत आकाराचे बोललो. आता वापराचे. हस्ताक्षरी फॉन्ट वाचकाला मजकुराआधीच एक गोष्ट सांगतो : हे कुणीतरी माणसाने तुमच्यासाठी लिहिले आहे. ते खरे असेल तिथे फॉन्ट शोभतो. खोटे असेल तिथे तो वाचकाची फसवणूक करतो, मग ती कितीही किरकोळ असो.

मराठी लग्नपत्रिका हे उत्तम उदाहरण आहे. पत्रिकेचा मुख्य मजकूर घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो, कुलदैवताच्या नावाने सुरू होतो आणि ठरलेल्या औपचारिक भाषेत जातो. शेवटी मात्र कोपऱ्यात एखाद्या चिमुरड्याच्या नावाने ओळ येते : आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! ही ओळ वेगळ्या तोंडची आहे, वेगळ्या भाषेतली आहे आणि 'कलम लाइट'ला यापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही. तोच फॉन्ट सगळ्या पत्रिकेला लावला तर आजोबा आणि नातू एकाच आवाजात बोलू लागतात आणि शेवटच्या ओळीची मजाच जाते.

असेच आणखी काही उपयोग सांगता येतील. पाककृतीच्या पुस्तकात मुख्य कृती साध्या अक्षरात आणि कडेला 'तेल फार तापू देऊ नका' अशी आजीची सूचना. उपाहारगृहाच्या फळ्यावरचे आजचे विशेष. चित्रकथेतले संवाद. व्याख्यानाच्या स्लाइडवर आकृतीच्या एखाद्या भागाकडे बाण काढून लिहिलेला शेरा. या सगळ्यांत समान गोष्ट ही की मुख्य मजकूर वेगळा आहे आणि त्याच्या कडेला कुणीतरी बोलत आहे.

आता उलट बाजू. 'शुल्क न भरल्यास परीक्षेला बसू दिले जाणार नाही' ही सूचना कललेल्या, गोल, मैत्रीपूर्ण अक्षरांत लावलेली कल्पना करा. शब्द संस्थेचे आहेत, अधिकार संस्थेचा आहे, पण चेहरा मित्राचा लावला आहे. वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ते अधिक सौम्य वाटत नाही, थट्टा केल्यासारखे वाटते. औषधाच्या वेष्टनावरची सूचना, कर्जाच्या अटी, ॲपने तुमची माहिती घेण्यासाठी मागितलेली परवानगी यांनाही हेच लागू होते. ज्या मजकुराला वाचकाने पुन्हा वाचून, तपासून, वेळ पडल्यास आव्हान द्यायचे आहे, तो मजकूर गप्पांच्या अक्षरात असू नये. कायद्याचे कलम 'कलम'मध्ये नको ते यासाठी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो ऐकण्यासारखा आहे. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या संशोधन केंद्रात हिग्ज बोसॉनच्या शोधाशी निगडित निष्कर्ष मांडताना फाबिओला जानोत्ती यांच्या स्लाइड 'कॉमिक सॅन्स'मध्ये होत्या. त्यावर खूप हसाहशी झाली, पण शोधाचे मोल कमी झाले नाही. मग फॉन्टने काय बिघडते? माझे उत्तर असे : तिथल्या श्रोत्यांना वक्त्याचा अधिकार आधीच माहीत होता. तुमचा प्रकल्प अहवाल तपासणाऱ्या परीक्षकाला, तुमच्या ॲपवर पैसे भरणाऱ्या ग्राहकाला तुम्ही अनोळखी आहात. त्यांच्याकडे तुमच्याबद्दल अंदाज बांधायला आधी अक्षरच असते.

७. दोन लिपी, दोन मान

आता या परीक्षणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपण मराठी मजकूर बहुतेक वेळा एकटा मांडत नाही. शेजारी इंग्रजी असते. विद्यार्थ्यांच्या पोस्टरांवर एक मांडणी वारंवार दिसते : कार्यक्रमाचे नाव, तारीख, प्रायोजक हे सगळे इंग्रजीत, जाड, सरळ, भूमितीने आखलेल्या अक्षरांत. खाली एक मराठी ओळ, बारीक, तिरकी, हस्ताक्षरी. इंग्रजीकडे कामाचे बोलणे आणि मराठीकडे लाडिक घोषवाक्य. प्रत्येक पोस्टर वेगवेगळे पाहिले तर त्यात गैर काही नाही. पण सगळीच पोस्टरे अशी झाली, तर आपली भाषा फक्त गोड बोलायची आहे, माहिती द्यायची नाही, असे आपणच नकळत सांगत राहतो.

कायदा हे थांबवू शकत नाही. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात बदल करून नामफलकावर देवनागरी लिपीतली मराठी आवश्यक केली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे घातले. आकाराची अट मोजपट्टीने तपासता येते. पण शेजारच्या जाड रोमन अक्षरांइतकीच उंच 'कलम लाइट'ची अक्षरे लावली, तर अट पाळली जाते आणि रस्त्याच्या पलीकडून मराठी नाव तरीही वाचता येत नाही. उंची सारखी असली तरी काळेपणा सारखा नसतो. हे कायद्याला दिसत नाही, डिझाइन करणाऱ्याला दिसले पाहिजे.

महाराष्ट्राबाहेर हाच प्रश्न आणखी अवघड होतो. चंदीगडच्या सेक्टर २२ चा बाजार घ्या. शहर वसले तेव्हा सुरुवातीला उभ्या राहिलेल्या सेक्टरांपैकी हा एक आणि त्याच्या रचनेत जेन ड्र्यू यांचा वाटा होता. आज तिथे मोबाइल विक्री-दुरुस्तीची आणि कपड्यांची दुकाने गर्दी करून आहेत. शहराचे मुख्य वास्तुरचनाकार ल कोर्बुझिए आपल्या नकाशांवर स्टेन्सिलची अक्षरे वापरत आणि पाट्या-जाहिराती कशा असाव्यात यावर शहरात १९५४ पासूनच नियंत्रणाचा आदेश आहे. अशा शहरात एका चहाच्या दुकानासाठी तुम्हाला पाटी करायची आहे असे समजा. ग्राहक हिंदी वाचणारे, पंजाबी वाचणारे आणि इंग्रजी वाचणारे. म्हणजे देवनागरी, गुरुमुखी आणि रोमन.

दुकान घरगुती आहे, म्हणून 'कलम' घ्यावासा वाटेल. पण 'कलम'मध्ये गुरुमुखी नाही. तुम्ही हिंदी आणि इंग्रजी नाव 'कलम'मध्ये लावले आणि पंजाबी नाव संगणकातल्या कुठल्याशा साध्या फॉन्टमध्ये, तर पाटीवर दोन भाषा हसून बोलतात आणि तिसरी सरकारी कागदासारखी उभी राहते. आणि हे होते त्या शहरात, जे पंजाबची राजधानी म्हणून वसवले गेले. गुरुमुखीलाही वरची रेघ आहे, तिचेही रोजचे हस्ताक्षर आहे, पण ते देवनागरीला कलवून मिळत नाही. ते त्या लिपीत लिहिणाऱ्याच्या हातातून आले पाहिजे.

मग करायचे काय? तीन रस्ते आहेत. तिन्ही लिपी एकाच कुटुंबात असलेला फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या 'बलू' कुटुंबात देवनागरी आणि गुरुमुखी दोन्ही आहेत. तो हस्ताक्षरी नाही, पण गोलसर आणि अनौपचारिक आहे, शिवाय पाटीला लागणारे वजन त्यात आहे. किंवा तिन्ही नावे साध्या अक्षरांत ठेवा आणि घरगुतीपणा रंगातून, चित्रातून आणा. किंवा पाटी रंगवणाऱ्याला बोलवा आणि तिन्ही नावे त्याच्या एकाच हाताने लिहून घ्या. माझे मत तिसऱ्याला, कारण पाटीवर शब्द चार असतात आणि चार शब्दांसाठी हात नेहमीच फॉन्टपेक्षा चांगला. हाताने रंगवलेल्या पाटीचे वळण फॉन्टमध्ये आणायचेच असेल, तर 'यात्रा वन' पाहा. तो रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे आणि लांबून वाचण्यासाठी लागणारा दमदारपणा त्यात आहे. गुरुमुखीचा प्रश्न मात्र तिथेही उरतो.

८. वापरण्याआधीची तपासणी

कोणताही हस्ताक्षरी देवनागरी फॉन्ट मराठीसाठी घेताना पुढील गोष्टी स्वतः टाइप करून पाहा. त्याला पाच मिनिटे लागतात.

ल आणि श : मराठी शाळेत शिकवतात तो 'ल' दोन पाकळ्यांसारखा असतो. हिंदी वळणाचा वेगळा असतो. 'श'चेही तसेच. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेबरोबर ही वळणेही ठरवून दिली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी वळण आपोआप येते. तुमच्या फॉन्टमध्ये कोणते येते ते पाहा. हस्ताक्षरी फॉन्टात हे जास्त खटकते, कारण छापील अक्षर परके असले तर चालते, हाताचे अक्षर परके असले तर लिहिणाराच परका वाटतो.

ऱ्य आणि ऱ्ह : 'दऱ्या', 'कऱ्हाड', 'बिचाऱ्या' टाइप करा. हा चंद्रकोरीसारखा र मराठीत सतत लागतो.

ॲ आणि ऑ : 'ॲप', 'ऑफिस'. आता हे शब्द रोजचे आहेत. चंद्र नीट बसतो का, शिरोरेषेला चिकटतो का ते पाहा.

वर-खालची गर्दी : 'कीर्ती', 'वर्षांनी', 'हृदय', 'दृष्टी'. कललेल्या अक्षरात रफार आणि वेलांटी एकमेकांत अडकतात का? ओळींतले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकेल.

जुळी अक्षरे : 'काका', 'मामा' मोठ्या आकारात. आभास टिकतो की नाही ते कळेल.

अंक : १ ते ९. तारीख आणि वेळ वाचताना १ आणि ९ यांत घोटाळा होतो का?

९. मत

'कलम' हा विचारपूर्वक केलेला फॉन्ट आहे. देवनागरीच्या शिरोरेषेशी त्याने समजुतीने जमवून घेतले आहे, जोडाक्षरांत काटकसर केलेली नाही आणि विद्यार्थ्याच्या हातात तो फुकट पडतो. त्याचे लाइट वजन मोठ्या आकारातल्या, मोजक्या शब्दांच्या, खऱ्या बोलण्याच्या मजकुरासाठी चांगले आहे. सलग वाचनाला, पाट्यांना, गणिताला आणि सूचनांना ते योग्य नाही. याच जातीचे 'तिल्लाना' आणि 'डेक्को' हे फॉन्टही तुलनेसाठी उघडून पाहा. 'तिल्लाना' उभ्या वळणाचा आणि पाच वजनांचा आहे, तर 'डेक्को'च्या मुळाशी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची देवनागरी अक्षरे आहेत.

दोष शोधायचाच तर तो मी फॉन्टपेक्षा वापरणाऱ्याच्या सवयीत शोधेन. मराठीत अनौपचारिक अक्षर हवे, तसेच गंभीर, ठाम, माहिती देणारे अक्षरही रोज वापरात दिसायला हवे. 'मंगल' या फॉन्टची देवनागरी रेखणारे र. कृ. जोशी सुलेखनकार होते. ब्रशने मुक्त अक्षरे काढणारा हा माणूस संगणकासाठी काम करताना साधे, वाचनीय, सगळ्यांच्या उपयोगी पडेल असे अक्षर द्यायला बसला. मोकळे कुठे व्हायचे आणि आवरते कुठे घ्यायचे हे त्यांना कळत होते. पुढच्या वेळी फॉन्टच्या यादीतून 'कलम लाइट' निवडण्याआधी तुम्हीही स्वतःला विचारा की या ओळीत कोण बोलत आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयातल्या सूचनाफलकावरच्या पाच सूचना घ्या. प्रत्येकीत कोण बोलत आहे ते एका वाक्यात लिहा आणि तिला हस्ताक्षरी फॉन्ट शोभेल की नाही ते कारणासह सांगा.

२. एक लग्नपत्रिका मिळवा. तिच्यात किती वेगवेगळे आवाज आहेत? प्रत्येक आवाजाला वेगळे अक्षर दिले आहे का?

३. 'धन', 'घन', 'भाव', 'वार', 'बार' हे शब्द 'कलम लाइट' आणि 'मुक्त' या दोन फॉन्टमध्ये १०, १४ आणि १८ पॉइंटमध्ये छापा. एक मीटर अंतरावरून वर्गमित्राला वाचायला सांगा आणि चुका नोंदवा.

४. तुमच्या गावातल्या दोन किंवा तीन लिपी असलेल्या एका पाटीचे छायाचित्र घ्या. कोणती लिपी जास्त काळी दिसते? तिच्या उंचीचा त्याच्याशी संबंध आहे का? पाटी पुन्हा आखून दाखवा.